जागा विसरते, परमेश्वर विसरत नाही

आजचा शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता १०३:१५-१८



आजचा भाग चारच वचनांचा आहे. पहिली दोन माणसाबद्दल, पुढची दोन परमेश्वराबद्दल. आधी बायबल उघडा आणि ती सावकाश वाचा. घाई असेल तर ट्रेनमध्ये वाचा, पण वाचा. आणि एक विनंती, सुरुवात १५ पासून न करता १३ पासून करा. का, ते पुढे कळेल.

एका वाऱ्याचं काम

दावीद इथे माणसाच्या आयुष्याला गवताची आणि रानफुलाची उपमा देतो. आपल्याला ती ओळखीची वाटते. पावसाळ्यात सह्याद्री हिरवा होतो, ऑगस्टच्या शेवटापासून कासच्या पठारावर फुलं येतात, सगळे फोटो काढायला धावतात. मग ऑक्टोबरपासून हळूहळू रंग उतरतो आणि संक्रांतीपर्यंत डोंगर पिवळे होतात. म्हणजे आपल्याकडचं गवत सावकाश जातं. त्याला दोन-तीन महिने मिळतात.

दावीद यहूदियाच्या डोंगराळ भागातला मेंढपाळ. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उतार हिरवे होतात, त्यात लाल रानफुलं फुलतात. आणि मग वाळवंटाकडून गरम, कोरडा वारा सुटतो. तो आला की हिरवा उतार काही दिवसांतच करपून जातो. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात आज रानात असलेलं आणि उद्या भट्टीत जाणारं गवत सांगितलं, ते याच मुलखातलं. लाकूड कमी असलेल्या त्या भागात वाळलेलं गवत सरपण म्हणून जाळत.

म्हणून १६ व्या वचनात ‘वारा’ आहे. दावीद म्हातारपणाचं वर्णन करत नाही. सकाळी असलेलं दुपारी नसणं, याबद्दल तो बोलतो.

आता थोडा हिशेब करू. मोशेच्या नावावर असलेल्या ९० व्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षं सांगितलं आहे. सत्तर वर्षांचे होतात सुमारे २५,५०० दिवस. तुम्ही तिशीत असाल तर त्यातले जवळपास ११,००० संपले. आणि हा हिशेबसुद्धा ‘वारा आला नाही तर’ असा आहे.

जागासुद्धा ओळखत नाही

१६ व्या वचनाचा शेवट मला सगळ्यात जास्त टोचतो. फूल गेलं, एवढ्यावर दावीद थांबत नाही. ज्या जागी ते फूल होतं ती जागाही आता त्याला ओळखत नाही, असं तो म्हणतो.

हे आपण रोज बघतो. ऑफिसमधून कोणी गेलं की संध्याकाळपर्यंत त्याचं लॉगिन बंद होतं, आठवड्याभरात त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसतं. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी अनोळखी माणसाला मिळतो. आजीचं घर रिडेव्हलपमेंटला जातं आणि नव्या इमारतीत तिची खिडकी कुठे होती हे दाखवता येत नाही.

मुंबईसारख्या शहरात तर हे वचन अक्षरशः खरं होतं. कबरस्तानात जागा अपुरी असते, म्हणून काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडली जाते आणि तिथे दुसऱ्या कोणाला ठेवलं जातं. ज्या मातीवर आपण फुलं ठेवली, त्या मातीवर आता दुसऱ्याच नावाचा क्रूस असतो.

एखाद्या दफनविधीनंतर घरी परतताना मनात जी भीती येते, ती फक्त ‘मीही मरणार’ एवढीच नसते. ‘माझ्या माणसाची आठवण कोण ठेवणार? आणि माझी?’ हीसुद्धा असते. दावीद ती भीती झाकत नाही. जागा विसरते, हे तो सरळ मान्य करतो. आपणही आधी ते मान्य करू या. आपली पोस्ट, आपलं घर, आपलं करिअर, यातलं काहीच आपल्याला कायमचं ओळखणार नाही.

आता १४ व्या वचनाकडे

१३ पासून वाचा म्हटलं होतं, ते यासाठी. आपण बहुतेक वेळा हा भाग असा वाचतो : माणूस क्षणभंगुर, *पण* देवाची दया सनातन. एका बाजूला दुःख, दुसऱ्या बाजूला दिलासा. १७ व्या वचनाच्या सुरुवातीला तो विरोध आहेच. पण १३ आणि १४ ही वचनं त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतात. बापाला जशी मुलांची कणव येते तशी परमेश्वराला आपल्या लोकांची येते, असं म्हणून दावीद लगेच कारण देतो : कारण आपली घडण कशी आहे हे त्याला ठाऊक आहे, आपण माती आहोत हे तो ध्यानात ठेवतो.

‘कारण’ हा शब्द अधोरेखित करा. आपण मातीचे आहोत ही गोष्ट देवाच्या दयेच्या आड येत नाही. दया करण्याचं कारण म्हणूनच ती इथे आली आहे.

‘घडण’ या अर्थाचा जो इब्री शब्द इथे आहे, त्याचं मूळ उत्पत्ती २:७ मधल्या क्रियापदात आहे. परमेश्वराने जमिनीच्या मातीतून मनुष्य घडवला, तेच ‘घडवणं’. कुंभारासाठीही हेच मूळ वापरतात. ज्याने घडवलं त्याला मर्यादा माहीत असते. लिफ्टमध्ये पाटी असते ना, इतकी माणसं, इतके किलो? ती बनवणाऱ्याने लावलेली असते. लिफ्टने जास्त वजन उचललं नाही म्हणून तो तिच्यावर रागावत नाही. उलट आपणच स्वतःवर पाटीपेक्षा जास्त लादतो. तिशीच्या आत हे झालं पाहिजे, चाळिशीच्या आत ते. देव आपल्याकडून गवताने टिकावं तेवढंच टिकण्याची अपेक्षा करतो.

इथे ‘कणव’ या अर्थी जो शब्दसमूह आहे, त्याचं नातं इब्रीतल्या ‘रेहेम’शी, म्हणजे आईच्या उदराशी आहे. दावीद उपमा बापाची देतो आणि शब्द उदराचा वापरतो. आपल्याकडे ‘मायबाप’ म्हणतात, तो अर्थ इथे एकाच वचनात आला आहे.

हेसेद म्हणजे काय?

१७ व्या वचनात दयेसाठी ‘हेसेद’ हा शब्द आहे. या स्तोत्रात तो चार वेळा येतो : वचन ४, ८, ११ आणि १७. मराठी भाषांतरांत त्यासाठी ‘दया’, ‘कृपा’ असे निरनिराळे शब्द येतात, कारण एका शब्दात तो बसत नाही. हेसेद म्हणजे दिलेल्या शब्दाला जागून केलेलं प्रेम. भावना ओसरली तरी, समोरचा माणूस परतफेड करू शकत नसला तरी, सोडून न जाणारं प्रेम.

व्याख्येपेक्षा एक गोष्ट बघू. योनाथान आणि दावीद यांची मैत्री आपल्याला माहीत आहे. १ शमुवेल २० मध्ये योनाथान दावीदाकडे एक वचन मागतो : माझ्या घराण्यावरचं तुझं हेसेद कधी तोडू नकोस. आपण फार दिवसांचे नाही, हे जणू त्याला कळलं होतं. पुढे गिलबोवाच्या डोंगरावर तो बापाबरोबर लढाईत मारला गेला. वारा आला आणि गेला.

ती बातमी आली तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. नंतर तो लो-दबार या गावी दुसऱ्याच्या घरी राहत होता. राजाचा नातू, पण त्याच्या आजोबांच्या गादीवर आता दुसरा राजा. त्या काळी नवा राजा जुन्या राजघराण्याचं काय करी, हे त्याला चांगलं ठाऊक असणार.

आणि २ शमुवेल ९ मध्ये दावीद स्वतःहून विचारतो : शौलाच्या घराण्यातलं कोणी उरलं आहे का, म्हणजे योनाथानासाठी मी त्याच्यावर हेसेद करीन? मफीबोशेथला बोलावणं येतं, तो जमिनीला तोंड लावून पडतो आणि राजा त्याला सांगतो की भिऊ नकोस. त्याच्या आजोबांची जमीन परत मिळते आणि त्याची जागा राजाच्या पंगतीत कायमची ठरते.

मफीबोशेथने काय केलं होतं? काहीच नाही. योनाथान आठवण करून द्यायला होता का? नाही, तो कधीच गेला होता. वचन घेणारा गवतासारखा वाळला, पण वचन देणारा विसरला नाही. आणि १२ वं वचन बघा : मफीबोशेथला मीखा नावाचा एक लहान मुलगा होता. म्हणजे योनाथानाचा नातू. १०३ व्या स्तोत्रातलं १७ वं वचन जे ‘मुलांच्या मुलांपर्यंत’ म्हणतं, ते इथे एका ताटावर बसलेलं दिसतं. पुढे १ इतिहास ८ मध्ये या मीखाची वंशावळ दिली आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत जाते आणि शेवटी धनुर्धर वीर आणि त्यांची १५० मुलं-नातवंडं इथे येऊन थांबते. ज्या योनाथानाला शेवट जवळ दिसत होता, त्याच्या घरी!

दावीद तर माणूसच होता, आणि आपल्यासारखाच चुकणाराही. माणसाचं हेसेद इतक्या लांब पोहोचतं, तर ज्याच्यापासून हेसेद सुरू झालं त्याचं कुठवर जाईल?

हजार पिढ्यांचा हिशेब

याचं उत्तर अनुवाद ७:९ मध्ये आकड्यात आहे : हजार पिढ्या. एक पिढी २५ वर्षांची धरली तर २५,००० वर्षं. दहा आज्ञांमध्ये अन्यायाचा झब्बा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातो असं आहे, आणि दया हजारांपर्यंत. चार विरुद्ध हजार. हा आकडा कॅलेंडर बनवायला दिलेला नाही. दोन्ही पारड्यांत किती फरक आहे, ते दाखवायला दिला आहे.

एक खरी वस्तू सांगतो. १९७९ साली जेरुसलेमच्या जुन्या शहराबाहेर केतेफ हिन्नोम इथे, गॅब्रिएल बारकाई यांच्या उत्खननात, एका कबरगुहेत चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. उलगडल्यावर मोठी जेमतेम १० सेंटिमीटर भरली. अंगावर ताईतासारख्या वापरल्या असाव्यात. त्यांचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सहाव्याच्या सुरुवातीचा मानतात. दोन्हींवर गणना ६ मधल्या याजकांच्या आशीर्वादाचे शब्द आहेत. आणि मोठीवर अनुवाद ७:९ शी जुळणारा मजकूर आहे. त्यात दोन शब्द एकत्र येतात : करार आणि हेसेद.

विचार करा. ज्याने ती गळ्यात घातली त्याचं घर, त्याची गल्ली, त्याचा चेहरा, काहीच राहिलं नाही. जागेने त्याला ओळखणं सोडून अडीच हजार वर्षं झाली. पण त्याने ज्याच्यावर भरवसा ठेवला, तो शब्द आजही वाचता येतो. आणि त्याच शब्दावर आज सकाळी तुम्ही आणि मी बसलो आहोत.

मग तो इतक्या लवकर का गेला?

इथे कोणी थांबवून विचारेल : दया सनातन आहे, तर माझ्या माणसाचे दिवस इतके थोडे का? २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्यातल्या कित्येकांनी पंचविशी-तिशीत आई किंवा वडील गमावले. काहींना शेवटचं बघायलाही मिळालं नाही. त्यांच्यासमोर हे वचन फेकून चालत नाही.

हे स्तोत्र ‘का’चं उत्तर देत नाही. गवताचे दिवस वाढवून देतो, असं १७ वं वचन म्हणत नाही. पण आपल्या माणसाचे दिवस थोडे होते म्हणून त्याच्यावरची दया थोडी होती, असं मानायलाही ते जागा ठेवत नाही. दयेची लांबी आयुष्याच्या लांबीवर ठरत नाही. ती त्याच्या जन्माआधी सुरू झाली होती, कारण ती अनादी आहे. आणि त्याच्या शेवटच्या श्वासाला ती संपली नाही, कारण ती अनंत आहे. आपलं माणूस मधल्या थोड्या दिवसांत आपल्याजवळ होतं. त्या दिवसांच्या दोन्ही टोकांना तीच दया होती आणि आहे.

आणि देवाने यापेक्षाही जास्त केलं. लूक १ मध्ये मरीया, पोटात बाळ असताना, देवाची स्तुती करते. त्या स्तुतीच्या ५० व्या वचनात १०३ व्या स्तोत्राचा सूर ऐकू येतो : त्याचं भय धरणाऱ्यांवर त्याची दया पिढ्यान्‌पिढ्या. ज्या दयेला आदि-अंत नाही ती तेव्हा तिच्या उदरात होती. ‘रेहेम’ आठवा. सनातन दयेने आपलं गवतासारखं आयुष्य अंगावर घेतलं. लूक ३:२३ सांगतं की येशूने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. तुमच्या-माझ्या वयाचा. सेवा थोड्याच वर्षांची. मग वधस्तंभ आणि मग उसनी कबर.

वारा त्याच्यावरूनही गेला. पण तिसऱ्या दिवशी ती जागा रिकामी सापडली. ‘जागा त्याला ओळखत नाही’ हे वाक्य त्या सकाळी पहिल्यांदाच आनंदाची बातमी झालं. पेत्राने पहिल्या पत्रात (१:२३-२५) गवताचा दाखला घेतला तो हेच सांगायला : नाश न पावणाऱ्या बीजातून तुम्ही नव्याने जन्मला आहात.

आपल्याकडून काय?

ही दया कोणावर आहे, तेही दावीद सांगतो. ‘त्याचे भय धरणारे’ हे शब्द या स्तोत्रात तीन वेळा येतात : ११, १३ आणि १७ मध्ये. भय म्हणजे घाबरून लांब पळणं नव्हे. मफीबोशेथ भीत होता तरी बोलावल्यावर आला. तो आला, जेवायला बसला, रोज बसत राहिला. इतकंच.

आणि १८ व्या वचनात आठवणीची गोष्ट पुन्हा येते. स्तोत्राच्या सुरुवातीला, दुसऱ्या वचनात, दावीद स्वतःच्या जिवाला बजावतो की त्याचे उपकार विसरू नकोस. १४ मध्ये देव आठवण ठेवतो, की आपण माती आहोत. १८ मध्ये माणसं आठवण ठेवतात, त्याच्या आज्ञा पाळण्याची. मधल्या १६ मध्ये फक्त जागा विसरते. आधी त्याची आठवण, मग आपली. क्रम लक्षात ठेवा.

म्हणून आज तीन छोट्या गोष्टी करा :

१. जे माणूस आता नाही, त्याचं नाव घेऊन देवाचे आभार माना. मोठ्याने. जागा विसरली असली तरी तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो विसरलेला नाही.

२. तुमच्या पुढच्या पिढीतल्या एका मुलासाठी प्रार्थना करा. स्वतःचं नसेल तर भाचा, पुतणी, संडे स्कूलमधलं कोणीही. त्याचं म्हातारपण बघायला तुम्ही नसाल. ती प्रार्थना तिथपर्यंत पोहोचवणारा असेल.

३. तुमच्या ओळखीत एखादा मफीबोशेथ आहे का बघा. गेलेल्या मित्राची आई, वारलेल्या सहकाऱ्याची मुलं. सुरुवातीला सगळे जातात. आता वर्ष झालंय, आता फोन करा. हेसेद उशिरा पोहोचलं तरी चालतं, कारण ते संपलेलं नसतं.

प्रार्थना

हे स्वर्गीय बापा, आम्ही माती आहोत हे आम्ही विसरतो, तू विसरत नाहीस. आमच्या थोड्या दिवसांकडे बघून तू कंटाळत नाहीस, तुला आमची कणव येते. जी माणसं आमच्यातून गेली, त्यांची नावं आम्ही तुझ्या हाती ठेवतो, कारण कुठल्याही दगडावर ती फार दिवस राहणार नाहीत. आमच्या मुलांना आणि त्यांच्या मुलांना तुझ्या पंगतीत जागा दे. आजचा एक दिवस तुझी आज्ञा लक्षात ठेवून जगायला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.